दीपहराचं गाऱ्हाणं

वसंत धुरीच्या भातगिरणीत शिरलात की समोर लक्ष्मीचा फोटो दिसतो. त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, कमरेला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस दिसतो. नवीन गिऱ्हाईक त्याला वसंताचा बाप समजून हात जोडतं. तो द्रवपुरुष. वसंता रोज सकाळी एक जास्वंद लक्ष्मीला वाहतो आणि एक ह्याला.

द्रवपुरुष हा चित्रकथांतला महावीर आहे. तो पाणी होऊन दाराखालच्या फटीतून आत शिरतो. कपडे मात्र बाहेरच राहतात. त्यामुळे आत पुन्हा माणूस झाला, की चोरांना धरण्याआधी त्याला त्यांच्याकडेच टॉवेल मागावा लागतो. बाराच्या बारा अंकांत हेच. चोर निमूटपणे टॉवेल देतात, म्हणजे खरे सज्जन तेच असले पाहिजेत.

वसंताकडे अशा महावीरांची पत्र्याची पेटी भरलेली आहे. मुंबईतल्या कुठल्याशा बुडीत गेलेल्या प्रकाशकाची ही प्रजा, खारेपाटणच्या बाजारात रद्दीत निघालेली. मी जन्मभर मास्तरकी केली, आता गावचं वाचनालय सांभाळतो. कागदाचा एवढा अपमान मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

त्यातला एक फेसनाथ. त्याच्या तळहातांतून साबणाचा फेस येतो. शत्रू घसरून पडतो आणि त्याच्या पाठोपाठ फेसनाथही पडतो. दुसरा घंटानाद. ह्याला संकटाची चाहूल लागते, पण संकट येऊन गेल्यावर पाच मिनिटांनी. आमच्या गावात अशा माणसांना समितीवर घेतात. तिसरा दीपहर. तो नुसत्या नजरेने दिवा विझवतो. पेटवता मात्र येत नाही. आमच्याकडे दिवा जायला महावीर कशाला लागतो, एवढासा ढग पुरतो.

हे मी वसंताला तोंडावर सांगत आलो आहे. तो चिडत नाही. भुशाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून गिरणीच्या घरघरीत ओरडतो, “पण तो इलो तरी, मास्तरा!”

निदान आला तरी, हे त्याचं ठरलेलं उत्तर. फेसनाथ पडला, पण इलो तरी. घंटानाद उशिरा पोचला, पण इलो तरी. भात भरडून होईपर्यंत बाकावर बसलेल्या बायकांनाही तो ह्या कथा ऐकवायचा. एकदा आमच्या शेजारच्या काकीने विचारलं, “ह्यातलो एक तरी कोण धडाचो आसा काय रे?” वसंता म्हणाला, “धडाच्यांका सगळे विचारतत गो काकी. ह्येंका कोण आसा?”

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ह्या माणसाकडे गावच्या देवळातल्या गाऱ्हाण्याचा मान आहे. धुऱ्यांच्या घराण्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. दसऱ्याच्या सकाळी देवापुढे उभं राहून गावातर्फे साकडं घालायचं. ग्रामदेवतेपासून सीमेवरच्या शेंदूर फासलेल्या दगडापर्यंत एकेकाचं नाव घ्यायचं, एकालाही चुकवायचं नाही. प्रत्येक नावाला गाव “होय म्हाराजा” म्हणतो.

ह्या दसऱ्याला मी त्याच्या अगदी मागे उभा होतो. वसंता खणखणीत आवाजात म्हणत होता, “बा देवा म्हाराजा, ह्या गावच्या चतुःसीमेच्या राखणदारा म्हाराजा...”

“होय म्हाराजा.”

“वडाखालच्या मूळपुरुषा म्हाराजा...”

“होय म्हाराजा.”

“दिवो मालवणाऱ्या दीपहरा म्हाराजा...”

“होय म्हाराजा,” सगळा गाव म्हणाला. सरपंच म्हणाले, पुजारी म्हणाले. सवयीने मीसुद्धा म्हणालो आणि मग माझ्या लक्षात आलं.

मला आनंद झाला, हे कबूल करतो. मी संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वाडीवाडीत पोचवली. वसंताच्या डोक्यात रद्दी शिरली आणि त्याने ती देवापुढे ओकली, असे माझे शब्द होते. लोक आधी हसले, मग बिथरले. देवस्थान समितीची बैठक बसली. चूक कबूल करून देवाला नारळ देईल तर ठीक, नाहीतर मान काढून त्याच्या चुलतभावाला द्यायचा, असं ठरलं. निरोप न्यायला मलाच धाडलं.

मी गिरणीवर गेलो. वसंताने सगळं ऐकून घेतलं.

“चूक नाय झाली, मास्तरा. मी दरवर्षी ता नाव घेतंय. इतकी वर्षां सगळो गाव होय म्हणता. तुका औंदाच ऐकाक इला.”

तो हातातलं सूप झटकत राहिला.

“आमचो प्रसाद तिसरीत होतो. त्येका बरी पुस्तकां घेवक माका जमला नाय, म्हणान ही रद्दीतली हाडलंय. त्येका ती लय आवडली. एक दिवस शाळेतसून रडत इलो. म्हणाक लागलो, बाबा, दीपहराक सगळे हसले. माका नको ही पुस्तकां. मी त्येका सांगलंय, बाबू, मी त्येचा नाव गाऱ्हाण्यात घेतंय, थंय कोण हसाचो नाय.” वसंताने सूप भिंतीला टेकवून ठेवलं. “मान गेलो तर जांदे. पण ता नाव घेणा चूक होती, असा मी देवासमोर म्हणाचंय नाय.”

तिसरीचा वर्ग माझा होता.

मला ते पुस्तक आठवलं. प्रसादच्या दप्तरातून मीच काढलं होतं. वर्गापुढे उंच धरून मी म्हणालो होतो, “बघा रे, हा महावीर दिवे विझवतो. ह्याला आपल्या घरी नेणार का कोणी?” पोरं बाकं बडवून हसली होती. वर्ग असा हसला की मला फार बरं वाटायचं. प्रसाद खाली मान घालून बसला होता, तेही आठवलं. वसंताने माझं नाव घेतलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही घेतलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

मी समितीत गेलो आणि सांगितलं, की माझी ऐकण्यात चूक झाली, वयाने कान गेले. सगळ्यांना पटायला दोन मिनिटंही लागली नाहीत. उलट अध्यक्षांनी मला कणकवलीच्या एका कानाच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. मान वसंताकडेच राहिला.

मग वसंताकडून प्रसादचा नंबर घेतला. प्रसाद मुंबईत नोकरीला आहे, चतुर्थीलाही आताशा येत नाही.

“सर? बाबा बरे आहेत ना?” त्याने आधी हेच विचारलं.

बरे आहेत म्हटलं आणि विचारलं, “तुला दीपहर आठवतो?”

“कोण?”

मी सगळं सांगितलं. पुस्तक, वर्ग, माझं हसणं. माफी मागितली. तो हसला. “नाही हो सर, काहीच आठवत नाही. तिसरीतलं काय घेऊन बसलात?” त्याला कुठेतरी जायचं होतं. मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर गेलो. मला बघून वसंताने गिरणी बंद केली. आजवर माझ्यासाठी त्याने ती कधी बंद केली नव्हती.

“लागलो फोन? काय म्हणालो झील?”

“त्याला सगळं आठवतं,” मी म्हणालो. “बाबा अजून नाव घेतात का, म्हणून विचारत होता.”

वसंता पाठ फिरवून यंत्राचा पट्टा चढवायला गेला. रोज एका झटक्यात चढणारा तो पट्टा त्या दिवशी बराच वेळ चढेना. मी भात भरडायला आणलं नव्हतं, तरी बाकावर बसून राहिलो.