डोळ्यांत पाणी येईपर्यंत स्वच्छता

स्वच्छता डोळ्यांना दिसते, हा एक जुना गैरसमज आहे. डोळ्यांना फार तर लादी दिसते. स्वच्छता कळते ती नाकाला, आणि नाकाला जितकी झोंबेल तितकी ती जास्त झालेली असते. हे सत्य ओळखून आमच्या कार्यालयाने 'प्रसाधनगृह स्वच्छता मूल्यमापन समिती' स्थापन केली. समितीत पाच सदस्य आहेत. पैकी एकानेही जन्मात कधी संडास घासलेला नाही, त्यामुळे समितीच्या निःपक्षपातीपणाकडे कुणाला बोट दाखवायला जागा नाही. मी समितीचा सचिव.

तपासणीची पद्धत सोपी आहे. दर सोमवारी साडेदहाला सदस्य प्रसाधनगृहाच्या दारापर्यंत जातात (आत जाण्याची नियमात तरतूद नाही) आणि एक दीर्घ श्वास घेतात. नाक नुसतं चुरचुरलं तर शेरा 'बरे'. एका डोळ्यात पाणी आलं तर 'चांगले', दोन्ही डोळ्यांत आलं तर 'उत्तम'. ठसका लागला तर 'अनुकरणीय', आणि तो अध्यक्षांना लागला तर प्रशस्तिपत्रक. सलग दोन वेळा 'बरे' किंवा त्याहून कमी आलं की सफाई कर्मचाऱ्याचं कंत्राट संपतं. वास वाया जाऊ नये म्हणून खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या आहेत.

तिन्ही मजल्यांचे संडास एकट्या मावशी धुवायच्या. अकरा वर्षं. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्याच जिवावर. अशात त्यांना एकदा 'बरे' मिळालं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा आमचे भांडारपाल मदतीला धावले. (भांडारपाल मनाचे मोठे आहेत. भांडारातली कुठलीही वस्तू ते सल्ल्याशिवाय देत नाहीत.)

"अहो मावशी, ब्लीचिंग वेगळं आणि अ‍ॅसिड वेगळं कशाला मारता? एकाच बादलीत घाला. एकीचं बळ!"

पुढच्या सोमवारी अध्यक्ष सात मिनिटं खोकले. प्रशस्तिपत्रक चौकट करून दाराशी लावलं. महिनाभरात मावशींचा आवाज बसला, आणि एका मंगळवारी त्या दुसऱ्या मजल्यावर बादलीशेजारी बेशुद्ध सापडल्या. चार दिवस इस्पितळात होत्या.

समितीने तातडीने, म्हणजे पंधरा दिवसांनी, चौकशी केली. निष्कर्ष असे: दोन्ही द्रव्ये रीतसर खरेदी झालेली असल्याने निर्दोष आहेत. बादली कार्यालयाची असून तिच्याविरुद्ध यापूर्वी तक्रार नाही. सदर कर्मचारी मात्र घटनेच्या वेळी श्वास घेत होती, हे तिने स्वतःच कबूल केले आहे.

"साहेब, ती दोन एकत्र झाली की विषारी वायू होतो," मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "माझी लेक औषधाच्या दुकानात कामाला आहे, तिनं सांगितलं. कॅनवरसुद्धा लिहिलंय."

"कॅनवर काय लिहिलंय ते बघायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"कुणी नाही. दम लागायला लागला, म्हणून लेकीला दाखवून वाचून घेतलं."

लेखी परवानगीशिवाय कॅन दाखवल्याबद्दल त्यांना समज देण्यात आली.

त्यानंतर मावशींनी बादलीतला तो संसार मोडला. साबणाचं पाणी, ब्रश आणि दोन हात. खिडकीचे खिळेही त्यांनीच उपसून काढले. गुरुवारी कुणी नाही असं पाहून मी प्रथमच आत गेलो. लादी लख्ख होती, नळ चकचकीत, कोपऱ्यात एक डाग नाही, आणि वास म्हणाल तर कसलाच नाही. मला माझी फार लाज वाटली. पण हे मी कुठे नोंदवलं नाही, कारण सचिवाला मत नसतं.

पुढचे दोन्ही सोमवार पाचही नाकं कोरडी परतली. 'बरे' देण्याइतकंही काही हाती लागेना. पण अध्यक्षांना दया आली. म्हणाले, आपण कशाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा, जनतेलाच विचारू. म्हणून दाराशी एक आठवडा अभिप्राय वही ठेवली: 'प्रसाधनगृह स्वच्छ वाटले काय?' एकूण अभिप्राय दोनशे बारा. पैकी आत जाऊन आलेले नऊ. त्या नऊ जणांनी 'हो' लिहिलं. उरलेल्या दोनशे तिघांनी दारातूनच 'नाही' लिहिलं. कारणाच्या रकान्यात सगळ्यांचं एकच: वास येत नाही.

लोकशाही आहे. मावशींचं कंत्राट संपलं. जाताना त्या ब्रश धुऊन, उलटा करून वाळत ठेवून गेल्या.

वहीतल्या सह्या पडताळण्याचं काम माझ्याकडे होतं. बहुतेक लागत नाहीत, पण एकशे सत्तेचाळिसावी स्पष्ट आहे. आपण त्या बुधवारी दाखल्यासाठी आला होतात. दारात उभं राहून हुंगलंत, नाक मुरडलंत, आणि 'वास येत नाही, धुतात की नाही कुणास ठाऊक' असं लिहून घाईने निघून गेलात. नव्या बाई आल्या आहेत. भांडारपालांनी त्यांना बादली समजावून दिली आहे, आणि तिसऱ्या दिवसापासून त्या खोकतात. समितीने आपले आभार मानण्याचा ठराव एकमताने मंजूर केला असून त्याची प्रत आपल्या पत्त्यावर रवाना केली आहे. कृपया पोच द्यावी.