माणूस पाठवतो

आमचे शेजारी नागोराव गुत्तेदार कुणाच्या मातीलासुद्धा स्वतः जात नसत, माणूस पाठवत. आमच्याकडे कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात आणि अंत्ययात्रेला माती.

माझे वडील गेले तेव्हा त्यांचा माणूस आला. देगलूरचा गंगाधर. निळी वर्दी, गळ्यात शिट्टी. आमच्या सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जास्त रडला, आणि निघताना हजेरीच्या कागदावर माझी सही घेऊन गेला! मी महिनाभर नागोरावांशी बोललो नाही, पुढे मात्र तो किस्सा सगळ्यांना हसत सांगू लागलो.

भूकंपानंतर पुनर्वसनाची घरं बांधता बांधता नागोराव मोठे झाले. मग लातूरला क्लासेसचं पेव फुटलं, तेव्हा त्यांनी होस्टेलं उठवली. होस्टेलांना वॉचमन लागतात, झाडूवाले लागतात, मेसला स्वयंपाकी लागतात. तीही माणसं ह्यांनीच पुरवायला घेतली. पुढे हदगावपासून देगलूरपर्यंत कुठल्याही ऑफिसच्या दारात ह्यांचा निळा शर्ट उभा. काहीही सांगा, उत्तर ठरलेलं, "हाव, माणूस पाठवतो." पुतण्यासाठी मुलगी बघायला पाठवलेला माणूस तर पोहे खाऊन स्वतःच पसंत पडून आला.

एकदा मी चिडून विचारलंच. म्हणाले, "गुर्जी, भूकंपात ह्या हातानं लई मात्या केल्या. आता न्हाई बघवत." मला ती सबब वाटली.

मग हाव नडली. एका पुलाचं काम अडलं, ते निस्तरायला त्यांनी आणखी चार गुत्ती घेतली, आणि एका उन्हाळ्यात सगळा डोलारा बसला. ऑफिसला सील लागलं, निळे शर्ट घरी गेले. रोज त्यांच्या ओसरीवर चहा पिणारे लोक गल्ली बदलून जाऊ लागले.

त्याच पावसाळ्यात त्यांची बायको गेली. पोटी मूलबाळ नाही. भावकीतल्या कुणाच्याच मातीला हे गेले नव्हते, तेव्हा भावकीही आली नाही. सकाळी माझ्या दारात उभे राहिले. "गुर्जी, चार माणसं मिळतील का?"

अख्खी गल्ली फिरलो तेव्हा दोघं मिळाले. मी तिसरा. चौथा काही मिळेना.

दहाच्या सुमाराला दारात टमटम थांबली. साध्या कपड्यातले सात-आठ जण उतरले. नागोराव बघतच राहिले. वर्दीशिवाय त्यांनी ह्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

"कुणाची माणसं तुमी? कुणी पाठवलं?"

"कुणी न्हाई अप्पा," पुढचा म्हणाला. मी ओळखला, गंगाधर. "आमीच आलो."

नागोराव त्याच्या गळ्यात पडून लहान मुलासारखे रडले. तिरडी उचलताना मी पुढे झालो, तर खांद्याला जागाच उरली नव्हती. मी मागून चालत राहिलो, आणि त्या हजेरीच्या कागदावर वर्षानुवर्षं हसलो त्याची मला लाज वाटली. ह्या वेळी गंगाधरने कुणाची सही मागितली नाही.