तक्रार खिडकीवरचा चेहरा

माणूस ओळखायचा तर त्याच्याशी बोलावं लागतं, आणि त्यात फार वेळ जातो. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाला एवढी सवड नव्हती. म्हणून मोठ्या साहेबांनी चेहऱ्यावरून स्वभाव सांगणारे एक मुखतज्ज्ञ नेमले. (ते साहेबांचे सख्खे मेहुणे. हा योगायोग साहेबांनाही नेमणुकीनंतरच कळला.)

तज्ज्ञांनी एकेकाला खुर्चीत बसवून फूटपट्टी लावली. निष्कर्ष शास्त्रीय होते. हिशेबनिसाच्या कानाच्या पाळ्या जाड, सबब निष्ठावान. शिपायाचं कपाळ अरुंद, सबब महत्त्वाकांक्षा नाही. (त्याला आजवर बढती मिळाली नव्हती, हा भक्कम पुरावा.) साहेबांना हनुवट्या दोन, नेतृत्व खालच्या हनुवटीत निघालं.

पंचाईत झाली ती तक्रार खिडकीवरच्या अक्कांची. त्यांच्या ओठांचे कोपरे जन्मापासून खाली झुकलेले, डोळे कायम भरून आल्यासारखे.

"नकारात्मक चेहरा. सहानुभूती शून्य," तज्ज्ञ म्हणाले.

"अहो, मी आत्ता हसतेय," अक्का म्हणाल्या.

"तेच तर म्हणतोय."

अक्कांची रवानगी तळघरात, गंजक्या मीटरांच्या राशीत झाली. संध्याकाळी सुनेनं विचारलं, "आई, काही झालंय का?" लग्न होऊन आल्यापासून ती रोज हेच विचारत असे. त्या दिवशी अक्का पहिल्यांदाच "हो" म्हणाल्या.

अक्कांच्या जागी, एरवी घरोघर बिलं वाटणारा एक पोरगा खिडकीवर बसला; त्याला सगळे हसऱ्या म्हणत. त्याचे दात पुढे, ओठ मिटता मिटत नसत. तज्ज्ञांच्या मते हा आदर्श सेवाभावी जबडा.

पहिल्याच सकाळी एक बाई आल्या. "चार दिवस नळाला थेंब नाही. घरात बाळंतीण आहे हो!"

हसऱ्याला खरंच वाईट वाटलं. त्यानं मान हलवली.

"दात काय काढतोस मेल्या?" बाई कडाडल्या. त्यांच्यामागे एक पैलवान उभे होते. ते फारसं बोलले नाहीत.

मुळात पाणी अक्कांच्या काळातही येत नसे. पण त्यांचा चेहरा पाहून लोकांना वाटे, आपल्यासाठी कुणीतरी रडतंय. तेवढ्यावर ते घरी जात.

फुटलेला ओठ घेऊन हसऱ्या तळघरात उतरला. अक्कांनी स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यानं रुमाल भिजवून त्याच्या ओठाला लावला.

"अक्का, वर चला ना परत."

"माझं तोंड पडलेलं आहे म्हणतात रे."

"माझं तर आता पाडलंय," हसऱ्या म्हणाला, आणि कधी नव्हे ते अक्का खळखळून हसल्या. रडल्यासारखंच दिसलं ते. हसऱ्याला फार बरं वाटलं.

मारहाणीची चौकशी झाली. दोष तक्रारदारांच्या चेहऱ्यांत असल्याचं तज्ज्ञांनी सिद्ध केलं. फाटकावरच मोजमाप सुरू झालं. टोकदार नाकं परत, आठ्या असलेली कपाळं परत. तक्रारी सत्त्याण्णव टक्क्यांनी घटल्या. (उरलेले तीन टक्के चुकून आलेले पाहुणे.) खिडकी बंद झाली, आणि तज्ज्ञांना शाल मिळाली.

लोक आता फुटपाथवर उकिडवे बसून तळघराच्या झरोक्यातून अक्कांना गाऱ्हाणं सांगतात. पाणी अजून आलेलं नाही.

आता जरा थांबा. तज्ज्ञांच्या चेहऱ्याबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. तरी तुमच्या डोळ्यांपुढे बारीक डोळ्यांचा, लबाड ओठांचा एक चेहरा कधीपासून उभा आहे ना? फाटकावर मोजमापाला माणसं कमी पडताहेत. तुम्ही उद्यापासून या. तुम्हाला फूटपट्टीही लागणार नाही.