तिसऱ्या फळीवरचा संदर्भ

कालिनाच्या घरात काही म्हणजे काही हरवत नसे. निदान तसं ती सांगायची.

"दोन शब्द टाइप करायचे आणि एंटर मारायचं! ग्रंथ असो, बाळाचं टोपडं असो, नाहीतर नवरा. पापणी लवायच्या आत हजर!"

"मला शोधायला यंत्र कशाला?" मेतोदी म्हणायचा. "मी इथेच तर बसलोय. दुसऱ्या पायाचा मोजा शोधत!"

मोज्यांची नोंद अजून व्हायची होती, एवढंच. बाकी कालिनाची फुशारकी अगदीच हवेतली नव्हती. ती पुरातत्त्व विभागात साहाय्यक होती. बितोला शहराबाहेरच्या मैदानात हजारो वर्षांपूर्वी राहणारी माणसं मातीच्या रांजणांत खाणंपिणं कसं साठवत, यावर तिचा प्रबंध चालला होता. हिवाळा संपायच्या आत तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायव्हा, झाली तर नोकरी पक्की. नाही झाली तर मेतोदीच्या काकांचं फरशांचं दुकान आ वासून बसलेलंच होतं. तिथे उभं राहायचं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचं, न्हाणीघराला फिकट निळा रंग कसा खुलून दिसतो! नुसत्या कल्पनेनंच कालिना पुन्हा प्रबंधाला भिडायची.

म्हणून तिनं संगणकाला कामाला जुंपलं होतं. ती काळी खिडकी उघडायची. त्यात चित्र नाही, बटण नाही, नुसती लुकलुकणारी रेघ! तिथे लिहायचं, 'शोध रांजण झाकण'. ही 'शोध' नावाची आज्ञा तिची स्वतःची, घरी बनवलेली. ती लिहिली की तिनं वर्षानुवर्षं जमवलेल्या संदर्भांतले जुळणारे तेवढे खाली रांगेत उभे राहत. हवा तो निवडून एंटर मारलं की लेखकाचं नाव आणि वर्ष प्रबंधात जिथल्या तिथे कंसात जाऊन बसे, आणि शेवटच्या संदर्भसूचीत त्या ग्रंथाची अख्खी कुंडली आपोआप उमटे. सहकारी अजून हाताने नावं उतरवत मान मोडून घेत होते. कालिना त्यांच्याकडे, चुलीवर पाणी तापवणाऱ्यांकडे गीझरवाल्यानं बघावं तशी बघायची.

मग सप्टेंबर उजाडला आणि गल्लीभर भाजलेल्या मिरच्यांचा वास सुटला.

सप्टेंबरात बितोलात कुणी माणसात नसतं. प्रत्येक अंगणात पोतीच्या पोती लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, वाटायच्या आणि वल्ह्याएवढ्या डावानं तासन् तास ढवळून त्यांचं आयवर करायचं. ते पुढे वर्षभर पावाला फासून खायचं. कालिनाची सासू त्रायांकाबाई या कामातली सेनापती! बरण्या भरून तळघरात जायच्या. शेजारणींकडे जायच्या. आणि आलेली बरणी रिकामी परत करणं म्हणजे तर तोंडाला काळं फासून घेणंच, त्यामुळे जेवढ्या जायच्या तेवढ्याच दुसऱ्यांचं आयवर भरून परत यायच्या. सगळ्या बरण्या सारख्या. सगळी झाकणं सारखी.

"कालिना! अगं ए कालिना!" तळघराच्या पायऱ्यांवरून हाक आली. "गेल्या वर्षीचं तिखट आयवर कुठे ठेवलंय मी?"

"तुम्ही ठेवलंत सासूबाई, तुम्हालाच ठाऊक!"

"मला ठाऊक असतं तर तुला कशाला विचारलं असतं? एवढी शिकलीस, घरातली एक बरणी सापडत नाही होय तुला?"

हे कालिनाला झोंबलं. ती तान्ह्या लेकीला, इस्क्राला, कडेवर घेऊन खाली उतरली आणि तिनं अख्खं तळघर संगणकात चढवलं. संदर्भांची जी पद्धत, तीच बरण्यांना! आयवर केलं ती लेखिका. मग वर्ष. मग शीर्षक, 'आयवर, तिखट' किंवा 'साठवणीच्या मिरच्या, झाकणबंद'. प्रकाशकाच्या जागी फळी. शेवटी टीप. टिपा सासूबाईंनीच चमच्यानं चाखत सांगितल्या.

"ही माझी. लिही, उत्तम."

"लिहिलं."

"ही पण माझी. अत्युत्तम लिही. आणि ही कुणाची? हां, लेन्का स्पासेव्स्काची!" त्रायांकाबाईंनी चमचा चाटला आणि एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. "लिही, करपट. घरात खाऊ नये, पाहुण्यांना द्यावं."

कालिनानं निमूटपणे लिहिलं. लेन्काबाई म्हणजे प्रोफेसर स्पासेव्स्कींची बायको (आडनाव एकच; नवऱ्याचं 'स्की', बायकोचं 'स्का'), आणि प्रोफेसर म्हणजे कालिनाच्या प्रबंधाचे परीक्षक! पण शहरच एवढंसं. परीक्षकाच्या बायकोचं आयवर ज्याच्या तळघरात नाही असा माणूस बितोलात शोधून सापडायचा नाही.

बरण्यांची यादी तिनं वेगळी ठेवली, पण 'शोध'ला सांगून ठेवलं की दोन्हीकडे बघ, नवीन नोंदी वर दाखव. म्हणजे स्वयंपाकघरातून हाक आली की प्रबंध न सोडता उत्तर देता येईल.

"कालिना, तिखट?"

"डावीकडे, तिसरी फळी, मागची रांग!"

"अगंबाई! आहे की!" सासूबाईंच्या तोंडून कौतुक निघालं! मेतोदीनं खिडकीतून आभाळाकडे पाहिलं, बर्फ तर पडत नाही ना!

पुढे इस्क्राला दात येऊ लागले. दिवसभर किरकिर, रात्रभर किरकिर. आईच्या मांडीवरून उतरायला ती तयार नाही आणि कालिनाचा एक हात कायम तिच्या कपाळावर. ताप तर नाही ना? मघाशी नव्हता, पण आता? श्वास नीट चाललाय ना? उरलेल्या एका हातानं रांगेतून निवड करत बसायचं कसं? मग तिनं आज्ञेला एक शेपूट जोडलं. रांग दाखवूच नकोस. पहिलं सापडेल ते उचल आणि थेट प्रबंधात घाल!

आणि काय वेग आला हो! शोध साठवण, एंटर. शोध झाकण, एंटर. शोध फळी, एंटर. जिथे जिथे 'इथे संदर्भ घालणे' लिहून ठेवलं होतं तिथे तिथे कंस टपाटप भरत गेले. इस्क्रानं आयवर ढवळायचा डाव चघळून संपवायच्या आत सगळं प्रकरण तयार!

"तपासलंस का?" मेतोदीनं विचारलं.

"यंत्र चुकत नाही रे. माणसं चुकतात."

"म्हणूनच विचारतोय."

"तू मोजा शोध!"

बाळाचा श्वास पुन्हा पुन्हा तपासणाऱ्या त्या बाईनं प्रबंधाचं शेवटचं पान उघडूनसुद्धा पाहिलं नाही! प्रबंध छापला, बांधला, सोनेरी अक्षरांसकट परीक्षकांकडे गेला. मग नाताळ आला. पाहुण्यांच्या बरण्या तळघरातून एकेक करून बाहेर पडल्या. कुणाकडे, ते कालिनानं विचारलं नाही. ती व्हायव्हाच्या तयारीत होती. मान ताठ, आवाज खणखणीत. आरशासमोर उभी राहून ती इस्क्राला रांजणांचा इतिहास सांगे आणि इस्क्रा टाळ्या पिटे.

व्हायव्हा सगळ्यांना खुली होती. मेतोदी इस्क्राला घेऊन पहिल्या रांगेत बसला. सासूबाई परीक्षेनंतरच्या फराळाची परातच्या परात घेऊन यायच्या होत्या. कालिनानं अर्धा तास असं काही भाषण ठोकलं की दोन परीक्षकांनी माना डोलावल्या. तिसरे प्रोफेसर स्पासेव्स्की. त्यांची ख्याती अशी की ते कुठलंही पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायला घेत. आधी संदर्भसूची, मग वेळ उरला तर पुस्तक. त्यांनी चष्मा नाकावर चढवला.

"उत्तम काम आहे," ते म्हणाले. कालिनानं मेतोदीकडे विजयी नजर टाकली. "फक्त एक शंका. इथे तुम्ही म्हणता, 'अन्न टिकवण्यासाठी झाकण घट्ट बसणं अत्यावश्यक होतं.' कंसात मित्रेव्स्का. मित्रेव्स्का म्हणजे तुम्हीच ना? स्वतःचाच आधार देताय?"

"नाही सर, ते..." कालिनाला काही आठवेना. आपल्याखेरीज ही दुसरी मित्रेव्स्का कोण?

"मी! मी त्रायांका मित्रेव्स्का!" दारातून आवाज आला. सासूबाई परात घेऊन उभ्या होत्या. "ती नव्हे. झाकणं मी लावते! हिला तर औषधाच्या बाटलीचं झाकण लावता येत नाही!"

सभागृहात हशा पिकला. कालिनाच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं घाईघाईनं संदर्भसूची उघडली. रांजणांवरच्या जगभरच्या विद्वानांच्या मांडीला मांडी लावून बरण्या बसल्या होत्या! आणि टिपा? टिपासुद्धा छापल्या होत्या! उत्तम. अत्युत्तम. पान उलटायचं तिला धाडस होईना.

प्रोफेसरांनी मात्र उलटलं. ते रंगात आले होते. "आता हे बघा. 'या टप्प्यावर साठवणीचं कौशल्य अगदीच प्राथमिक होतं.' कंसात स्पासेव्स्का. आता हे नाव मला ओळखीचं वाटलं, म्हणून मी मागे पाहिलं. ऐका. 'स्पासेव्स्का, लेन्का. आयवर, तिखट. तळघर, तिसरी फळी. टीप: करपट. घरात खाऊ नये, पाहु...'"

त्यांनी मान वर केली आणि ते वाचता वाचता थांबले. त्रायांकाबाईंच्या मागे, फराळाची दुसरी परात घेऊन मदतीला आलेल्या लेन्काबाई उभ्या होत्या.

इस्क्रानं नव्या परातीकडे हात पसरले.

"थांबलात का?" लेन्काबाई शांतपणे म्हणाल्या. "वाचा की."

प्रोफेसर घामेजले. त्यांनी संकट ताबडतोब विद्यार्थिनीकडे सरकवलं. "तर... या निरीक्षणावर तुम्ही ठाम आहात का?"

कालिनाच्या डोळ्यांपुढे फिकट निळ्या फरशा नाचू लागल्या. हो म्हणावं, तर परीक्षकाची बायको गेली. नाही म्हणावं, तर संदर्भ खोटा ठरून प्रबंध गेला! तिनं एक खोल श्वास घेतला आणि तिच्यातली विद्वान बोलली.

"नमुना एकच होता, सर. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल."

"एकच कसा?" लेन्काबाई कडाडल्या. "तीन बरण्या दिल्या होत्या मी! बाकीच्यांचं काय केलंत हो त्रायांकाबाई?"

"दिल्या... पाहुण्यांना," त्रायांकाबाई परातीकडे बघत पुटपुटल्या.

"कुठल्या पाहुण्यांना?"

त्रायांकाबाई परातीवरचं फडकं नीट करू लागल्या.

"नाताळात तुम्ही माझ्याकडे एक बरणी घेऊन आलात. स्वतःच्या हातचं म्हणून!"

"अहो, गडबड होती! पाहुण्यांच्या रांगेतली हाताला लागली ती उचलली..."

लेन्काबाईंनी परात खाली ठेवली. अगदी सावकाश. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि ती बरणी उघडल्यावर तुम्ही काय म्हणालात हो? सांगा ना सगळ्यांना!"

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मला नीटसं आठवत नाही."

"मला आठवतं! 'याला म्हणतात आयवर! लेन्का, जरा शीक यांच्याकडून!' बरणी चाटून पुसून खाल्लीत! माझंच होतं ते! ऐकलंत का हो सगळ्यांनी? माझंच!"

टाळ्या पडल्या. पहिली टाळी इस्क्राची. लेन्काबाईंचा चेहरा भाजलेल्या मिरचीसारखा तकाकत होता, आणि प्रोफेसर सोललेल्या मिरचीसारखे मऊ पडले होते. त्यांनी घाईघाईनं निकाल लिहायला घेतला.

"उत्तीर्ण! बरण्या तेवढ्या काढून टाका. एकेक करून. आणि हाताने!"

नोकरी राहिली! फरशांचं दुकान गेलं खड्ड्यात! कालिनानं बसून एकेक कंस हाताने तपासला. सगळ्या बरण्या उपटल्या. एक सोडून. कारण त्रायांकाबाईंनी तोवर गल्लीभर सांगून ठेवलं होतं, 'मी पुस्तकात आहे.' त्या झाकणाच्या संदर्भाला हात लावला असता तर घरात चूल पेटली नसती. प्रोफेसरांनी ते पाहिलं, आणि बायको शेजारीच बसलेली असल्यामुळे घाईनं पान उलटलं.

पुढच्या सप्टेंबरात लेन्काबाईंची बरणी आली. झाकणावर सुरेख अक्षरात चिठ्ठी: 'स्पासेव्स्का, लेन्का. आयवर, तिखट. टीप कालिनानंच लिहावी. नमुने आणखी आहेत.'

"बघ, किती मोठ्या मनाची बाई!" मेतोदी म्हणाला.

कालिनानं काळी खिडकी उघडली. लेखिका, वर्ष, शीर्षक, फळी. मग अगदी निष्पक्षपणे बरणी उघडून एक चमचा चाखला.

करपट. गेल्या वर्षीपेक्षाही!

तिनं दाराकडे पाहिलं. सासूबाईंची चाहूल घेतली. प्रोफेसर स्पासेव्स्की आता विभागप्रमुख झाले होते, हेही तिला आठवलं. मग विद्वत्तेनं भारलेल्या एका बोटानं तिनं सावकाश टाइप केलं: 'टीप: या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे.'