नियम चौदा: बस मागे घेऊ नये

राज्यभरातल्या शाळेच्या बसमार्गांसाठी साहेबांनी खुर्चीवरून न उठता बेचाळीस नियम लिहिले होते. "मुंगीलाही शिरायला फट ठेवली नाही," असं ते बायकोला आणि शाळेत जाणाऱ्या लेकीला रोज ऐकवत. अकरा वाजता संचालकांनी नियम मंजूर केले की बढती पक्की. मध्ये उरली होती फक्त सकाळची चाचणी फेरी. त्या फेरीला साहेब स्वतः निघाले आणि प्रवाशांच्या यादीत हौसेने आपलंही नाव घालून घेतलं.

एकतीस मुलांना घेऊन बस नकाशाप्रमाणे एका गल्लीत शिरली आणि टोकाच्या भिंतीपाशी थांबली.

"ही भिंत कधी झाली?" साहेबांनी विचारलं.

"सात वर्षं झाली," चालककाका म्हणाले.

"मग आधी बोलला का नाहीत?"

"नियम सहा. चालकाने मार्गाबद्दल वाद घालू नये."

"बरं, मागे घ्या."

"नियम चौदा. प्रवासी आत असताना बस मागे घेऊ नये."

"मग मुलांना उतरवा."

आता मुलांची चढउतार पाहणाऱ्या मावशी दारातून बोलल्या. "नियम पंधरा. थांबा सोडून कुठेही उतरवायचं तर नोंदवलेल्या पालकाच्याच हाती, सही घेऊन."

साहेबांनी भांडावं तर कुणाशी, सगळं त्यांनीच लिहिलेलं! एकतीस घरी फोन गेले. कुणी ओल्या केसांनी आलं, कुणी गालावर दाढीचा फेस घेऊन. हे नियम लिहिणाऱ्याच्या अकलेचं प्रत्येकाने यथासांग कौतुक केलं. मागच्या सीटवर साहेब निमूटपणे मान डोलवत होते.

साडेदहाला शेवटचं मूल गेलं. साहेब दाराकडे धावले, तर मावशींनी हात आडवा घातला.

"अहो, मी काय पहिलीतलं पोर आहे?"

"नियमात 'प्रवासी' लिहिलंय, साहेब. वयाचं काही नाही. घरून कोण येणार तुम्हाला न्यायला?"

अर्ध्या दिवसाची रजा टाकून बायको आली.

"नातं काय लिहू?" मावशींनी विचारलं.

"सध्या पालक लिहा," ती म्हणाली आणि सही ठोकून तिने नवऱ्याला दंडाला धरून खाली उतरवलं.

अकराला संचालकांनी अहवाल वाचला. अपघात शून्य. प्रवासी असताना बस मागे घेतली, शून्य वेळा. बत्तीसच्या बत्तीस प्रवासी सुखरूप पालकांच्या हाती.

"उत्तम. सोमवारपासून राज्यभर लागू करा."

खरं सांगायला साहेबांनी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात बढतीचं पत्र पुढे आलं, आणि उघडलेल्या तोंडातून आभार बाहेर पडले.

त्याच संध्याकाळी नवे उपसंचालक लेकीला घेऊन सायकलच्या दुकानात गेले.