मंग नावाचा वार

स्टोव्ह भाड्याने देताना नत्थूजी अनामत घेत, आणि कुणाचं पोर फिरायला नेताना अनामत देत. ही अनामत म्हणजे त्यांच्या दुकानाची किल्ली. पोराच्या आईच्या हातावर ती ठेवून ते म्हणत, "पोरगं वापस नाही आलं तं दुकान तुमचं. त्यातले दोन-चार स्टोव्ह भडकतात, तेवढं सांभाळजा."

दुकान नागपूरच्या धंतोलीत होतं. तिथे दवाखान्याला दवाखाना लागून. विदर्भातल्या कुठल्याही गावात कुणाचं दुखणं हाताबाहेर गेलं की त्याला धंतोलीत आणायचं, ही रीत. दुखणाइतासोबत बायको येणार, भाऊ येणार, आणि घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून पोरंही येणार. दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर या मंडळींचा संसार मांडला जाई. त्या संसाराला लागणारा स्टोव्ह, भाताला गंज म्हणजे पातेलं, सतरंजी नत्थूजींकडे भाड्याने मिळे. त्याबद्दल ते घड्याळ नाहीतर अंगठी ठेवून घेत. काहीच नसेल तर पितळी लोटा चाले.

मी त्यांच्या दुकानामागच्या खोलीत भाड्याने राहत होते. पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी आर्वीची. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. धंतोलीतल्या एका शाळेत नोकरी लागली, तेव्हा बाबा मला पोचवायला आले. खोली पाहिली, तरी त्यांचा पाय निघेना. एकटी मुलगी एवढ्या शहरात कशी ठेवायची? नत्थूजींनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि त्यांच्याही हातावर किल्ली ठेवली. "पोरगी ठेवून घेतो, भाऊ. अनामत घेऊन जा."

बाबांनी ती किल्ली उलटसुलट करून पाहिली आणि हसून परत दिली. रात्रीच्या गाडीने ते निर्धास्त आर्वीला गेले. हे उपकार मी विसरलेले नाही.

त्या दिवसापासून नत्थूजींनी माझं नाव टाकून दिलं आणि मला "बी.ए." म्हणायला सुरुवात केली. "काय वं बी.ए., चहा घेतला का?" रविवारी आणि शाळा लवकर सुटेल त्या दिवशी ते मला ओढूनच नेत. ज्या हातगाडीवरून स्टोव्ह पोचवत, तीच धुऊनपुसून तिच्यावर सतरंजी अंथरत आणि दवाखान्यांच्या ओट्यांवरून पोरं गोळा करत. धुतली तरी गाडीला रॉकेलचा वास यायचा. त्यामुळे नागपूर पाहून आलेलं पोर डोळे मिटूनही ओळखता यायचं.

"पोरगं गावी जाईन," ते मला समजावत. "दोस्त विचारतीन, नागपूरले काय पाह्यलं? हे काय सांगन? सलाईनची बाटली?"

एका दवाखान्याच्या दारावर पाटी होती : लहान मुलांना सोबत आणू नये. नत्थूजींनी ती मला मोठ्याने वाचायला लावली आणि तिथल्या मॅनेजरला विचारलं, "घरी कोण पाहीन त्याइले? बैल?"

मॅनेजर म्हणाला, "नियम आहे."

"नियम केला तेव्हा पोराइले कुठं ठेवाचं, ते बी लिहाचं होतं. जागा नव्हती का पाटीवर?"

सदरला एका मोठ्या इमारतीत लिफ्ट होती. नत्थूजींच्या हिशेबी ते नागपूरचं प्रेक्षणीय स्थळ होतं. आम्ही सगळी वरात घेऊन आत शिरलो की लिफ्टमन हात आडवा करी. "वर काय काम आहे?"

"खाली याचं काम आहे," नत्थूजी म्हणत. "वर गेल्याबिगर खाली कसं येता येईन?"

लिफ्टमन चिडला की ते मला पुढे करत. "हे बी.ए. आहे. हिच्याशी बोल." मी काय बोलणार? मी मान खाली घालून उभी राही. पण लिफ्टमन पदवीला वचकून असावा, कारण तो दार लावून घेई आणि आम्ही वर जात असू. पोरं माझा हात घट्ट धरत, आणि खाली आल्यावर पुन्हा वर जायचं म्हणत. माझ्या पदवीचा इतका रोकडा उपयोग मला शाळेतही कधी झाला नाही.

एकदा बर्डीच्या चौकात पोलिसाने हातगाडी अडवली. "काय भरलं आहे?"

"नागपूरचे पाहुणे."

"गाडी मालाची आहे. माणसं चालत नाही."

"म्हणूनच तं बसवले," नत्थूजी म्हणाले. "चालत असते तं चालवत नसतं नेलं?" पोलीस विचार करत राहिला, तोवर आम्ही चौक ओलांडला होता.

त्यांना एकच शब्द चालत नसे. आमच्याकडे 'नंतर'ला 'मंग' म्हणतात. एखादी माय म्हणाली, "आता राहू द्या भाऊ, मंग पाहू," की नत्थूजींचा आवाज चढे. "मंग म्हंजे कोणत्या वारी? सोमवार आहे, मंगळवार आहे. मंग नावाचा वार कोणत्या कॅलेंडरात आहे, दाखवा मले." बिचारी माय गोंधळून पोराचं नाक पुसून द्यायची.

सगळ्या फेऱ्यांचा शेवट महाराजबागेत व्हायचा. तिथे वाघ होता. पोरं पिंजऱ्याच्या कठड्याला लटकत आणि नत्थूजी पिंजऱ्याकडे पाठ करून उभे राहत. दरवेळी. वाघाने डरकाळी फोडली तरी मान वळायची नाही. पोरांची खात्री होती की काका वाघाला भितात. बाहेरचा फुटाणेवाला तर तोंडावर म्हणे, "नत्थूजी, वाघ तुमाले पाठीवरून ओळखत असन आता."

"मी पोराइवर ध्यान ठेवतो," नत्थूजी सांगत. "वाघ कुठं पळून जाते?"

घरी परतलो की त्यांच्या बायकोचा, सरूबाईंचा, स्वयंपाकघरातून एकच प्रश्न येई, "पाह्यला?"

"पोराइनं पाह्यला," नत्थूजी सांगत आणि हातपाय धुवायला जात. मला वाटे, पोरांची चौकशी आहे.

त्या मंगळवारी मी शाळेतून आले, तेव्हा दवाखान्याच्या मागच्या ओट्यावर भांडण लागलं होतं. पुसदकडच्या एका शेतकऱ्याचं पोटाचं ऑपरेशन होतं. त्याला नुकतंच आत नेलं होतं. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. शेजारी मंदा, त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी. मंदाचा काका तिला संध्याकाळच्या एस.टी.ने गावी परत नेणार होता. आल्यापासून पोरीने तो ओटा सोडून नागपूर म्हणून काही पाहिलं नव्हतं. आज पाहिलं नाही तर पाहणारही नव्हती. नत्थूजी हातगाडी घेऊन उभे होते आणि काका आडवा आला होता.

"बापाच्या पोटावर सुरी फिरून राहिली," काका म्हणाला, "अन् पोरगी वाघ पाहाले जाते? गावात काय सांगू मी?"

"सांगजा, वाघ पाह्यला."

"लोक तोंडात शेण घालतीन."

"हे इथं बसून राह्यली तं डाक्टरची सुरी जास्त चालते का गा? असं असन तं मी बी बसतो. बी.ए., तू बी बस."

"मी नाही म्हणतो का? बाप बरा झाला की आनू तिले. मंग दाखवू."

मी मनात म्हटलं, झालं. पण नत्थूजींचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला. "भाऊ," ते म्हणाले, "हे 'बरं झाल्यावर' मले सांगू नका. दुसरं काही बी सांगा."

मंदाच्या आईने पहिल्यांदाच मान वर केली आणि हात पुढे केला. नत्थूजींनी त्यावर किल्ली ठेवली. नेहमीचं वाक्य मात्र ते बोलले नाहीत. तिने किल्ली पदराच्या टोकाला बांधली, गाठ दातांनी आवळली आणि दिराला म्हणाली, "जाऊ द्या तिले. मी आहो ना इथं."

त्या दिवशी गाडीवर मंदा एकटीच होती. महाराजबागेच्या फाटकाशी पोचलो, तर रखवालदार एक दार लावून दुसऱ्याला हात घालत होता.

"टाइम झाला. उद्या या."

"उद्या हे पुसदले असन. तू नेशीन का वाघ तिथं?"

"नत्थूजी, रोजचं झालं तुमचं."

"माहं रोजचं आहे. तिचं नाही." ते गाडी तशीच आत घालू लागले. "बी.ए., सांग याले."

मी पहिल्यांदाच मान वर करून बोलले. म्हटलं, "दादा, हिच्या वडिलांचं आत्ता ऑपरेशन सुरू आहे." रखवालदाराने मंदाकडे पाहिलं. "शिटी वाजवली की निघायचं," असं म्हणून तो बाजूला झाला.

बाग रिकामी होती. मंदा कठड्याला लागली. नत्थूजींनी आपली नेहमीची जागा धरली : पिंजऱ्याकडे पाठ, तोंड रस्त्याकडे. मंदाने पोटभर वाघ पाहिला आणि मग वळून त्यांना पाहिलं.

"तुमी काहून नाही पाहत?"

"तू पाह. मी मंग पाहीन."

"मंग कोणत्या वारी?" मंदाने विचारलं. तिला हे नुकतंच कळलं होतं. दवाखान्यापासून बागेपर्यंत नत्थूजींनी गाडी ढकलता ढकलता तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं.

मी हसणार होते. पण नत्थूजींचं तोंड माझ्याच बाजूला होतं, आणि त्यांच्याकडे पाहून मला हसता आलं नाही. लिफ्टमनला, पोलिसाला, मॅनेजरला पुरून उरलेला माणूस चपलेच्या टोकाने माती उकरत होता.

"माही कुसुम होती," ते म्हणाले. "तुह्याएवढी. तुहा बाप आहे, त्याच दवाखान्यात. रोज म्हणे, बाबा, वाघ पाहू. मी म्हणो, बरी झाली की मंग पाहू दोघंबी."

मंदाने विचार केला. "मंग नाही पाह्यला?"

"नाही."

"मंग आता पाहा," ती म्हणाली. तिने त्यांचं एक बोट धरलं आणि आंधळ्या आजोबांना वळवावं तसं त्यांना हळूच वळवलं.

वाघ आमच्याकडे पाठ करून झोपला होता. फक्त पट्टे दिसत होते आणि श्वासाबरोबर वरखाली होणारी कूस. शेपटीचं टोक एकदा हललं. नत्थूजींनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता.

फाटकाकडून शिटी वाजली. मग रखवालदार स्वतःच आला. "चला, नत्थूजी. टाइम झाला."

"थांब गा," नत्थूजी मान न वळवता म्हणाले. "पाहून राहिलो."

रखवालदाराने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. इतक्या दिवसांत त्यानेही त्यांचं तोंड पिंजऱ्याकडे कधी पाहिलं नसणार. त्याने शिटी खिशात टाकली आणि तो आमच्या शेजारीच उभा राहिला.

परत आलो तेव्हा मंदाची आई ओट्यावर उभी होती. डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले होते की ऑपरेशन नीट झालं. ती पदराची गाठ सोडायला लागली, पण इतकी आवळली होती की सुटेना. शेवटी काकानेच ती सोडवली. किल्ली परत देताना तो काहीतरी बोलणार होता. पण मंदाने त्याचा सदरा ओढून वाघ केवढा ते दोन्ही हात पसरून सांगायला सुरुवात केली, आणि एस.टी. स्टँडकडे जाईपर्यंत ती थांबली नाही. तिच्या फ्रॉकला रॉकेलचा वास येत होता.

आम्ही घरी आलो. आत स्टोव्ह फरफरत होता. सरूबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "पाह्यला?"

नत्थूजी चपला काढत होते.

"पाह्यला," ते म्हणाले.

आतला स्टोव्ह बंद झाला. सरूबाई पिठाच्या हातांनी दारात आल्या आणि नवऱ्याकडे पाहत राहिल्या. मी माझ्या खोलीकडे निघाले, पण कुलूप काढायला उगाच वेळ लागला.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"झोपला होता. पाठच पाह्यली. तोंड पाहाचं राह्यलं." नत्थूजींनी चपला भिंतीशी नीट जुळवून ठेवल्या. "तू बी चाल एकदा."

"कवा?"

"बुधवारी," नत्थूजी म्हणाले.