आबांचा पूर्वपक्ष

उत्तरेत, दूधविनायक मोहल्ल्यात राहणाऱ्या दत्तात्रेय पुणतांबेकरांना आजकालची एकही गोष्ट पसंत नव्हती. मलई पूर्वीसारखी नाही, पानवाले पूर्वीसारखे नाहीत, आणि बायको एसी घेऊ म्हणते तर आपला खडखडणारा कूलरच कसा उत्तम, हे ते तासभर सांगू शकत. जन्मभर पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवलेला माणूस, वाद मिळाला की त्यांना जेवणाचीही आठवण राहत नसे. त्यात कॉलेजात असताना दोन वर्षं बॉक्सिंग केलेलं. तेव्हापासून त्यांचं नाक किंचित डावीकडे झुकलेलं होतं आणि ते नाक ते पदकासारखं मिरवत.

त्यांची नात ऋता आजी-आजोबांकडे राहून कॉलेज करत होती आणि बॉक्सिंगही करत होती. चांगलं करत होती. त्या गणपतीत तिची मोठ्या शिबिरासाठी निवड झाली. दोन महिने हरियाणात राहायचं होतं आणि सोमवारपर्यंत कळवायचं होतं. तिच्या बाबांनी नागपूरहून फोनवर हात झटकले. "आबा हो म्हणाले तर जा," म्हणाले.

आबा नाही म्हणाले.

"शिकायला माझी ना नाही. पण आज बॉक्सिंग उरलंय कुठे? पूर्वीचे गडी पंधरा-पंधरा राउंड लढायचे. जबडा मोडला तरी घंटा झाली की उठायचे. आणि तुम्ही? तीन राउंड, तेही डोक्याला टोपडं बांधून."

"टोपडं नाही आबा, हेडगार्ड. आणि तुमचे ते पुराने हीरो आज आले ना, तर आमच्यासमोर टिकणार नाहीत. स्पीडच झेपणार नाही त्यांना."

"टिकणार नाहीत?" आबांचं नाक लाल झालं. ज्यांच्या लढती त्यांनी रेडिओला कान लावून ऐकल्या होत्या, त्यांचा हा अपमान होता. दोन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. ऋता रात्री उशीत तोंड खुपसून रडली, ते फक्त आजीला कळलं.

तिसऱ्या दिवशी आजी, म्हणजे अन्नपूर्णाबाई, मोदकांसाठी नारळ खवता खवता म्हणाल्या, "अहो, घरात कशाला एकमेकांचं डोकं खाताय? रीतसर शास्त्रार्थ करा. ब्रह्माघाटच्या गणपतीत रविवारचे व्याख्याते येत नाहीयेत, उत्सव सांभाळणारे शिवरामशास्त्री हवालदिल झालेत. तिथे मांडा. तुम्ही हरलात तर पोरगी जाईल, ती हरली तर घरी राहील."

"मंजूर," आबा म्हणाले. त्यांना आयता वाद आणि आयते श्रोते मिळत होते.

"पण नियम पाळायचा. आधी पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं आपण मांडायचं, आणि 'हो, हेच माझं म्हणणं' असं तो कबूल करेपर्यंत आपलं म्हणणं सांगायचं नाही."

"हे तू मला शिकवतेस?"

"तुमच्याकडूनच तर शिकले," आजी म्हणाल्या आणि दुसरी कवड घेतली.

आबांनी त्याच संध्याकाळी तालीम म्हणून पूर्वपक्ष मांडून पाहिला. "आजचे बॉक्सर श्रेष्ठ आहेत, कारण त्यांचे बूट चांगले असतात. इति."

"नामंजूर," ऋता म्हणाली.

"त्यांना खायला बरं मिळतं."

"नामंजूर. आबा, तुम्हाला आमचं काहीच ठाऊक नाही. अभ्यास करा ना जरा."

आबांना अभ्यास कर म्हणणारं दूधविनायकात आजवर कोणी जन्माला आलं नव्हतं. ते इरेला पेटले. ऋताच्या मोबाइलवर आजच्या लढती लावून दिवसभर बसू लागले. मग ऋता खाते तसं खाऊन पाहू म्हणून उकडलेली भाजी आणि मोजून घेतलेला भात सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी, देवापुढचे मोदक समोर असताना ते ताटावरून उठले, आणि बाहेर येऊन आजीला हळूच म्हणाले, "ही पोरगी हे रोज करते?"

"रोज," आजी म्हणाल्या.

शनिवारी ते ऋताच्या मागोमाग तिच्या जिममध्ये गेले. तिथला कोच विश्वजीत त्यांच्या पाया पडला आणि म्हणाला, "बाबूजी, एक बार पहनकर देखिए." आबांनी दोन्ही हातांत ग्लव्ह्ज घातले, लोंबत्या पिशवीला चार ठोसे लगावले, आणि पाचव्या ठोशाला त्यांच्या धोतराची गाठ सुटली.

आता ग्लव्ह्ज घातलेल्या हातांनी धोतर धरता येतं, पण बांधता येत नाही. आबांनी ते दोन्ही मुठींनी कमरेशी दाबून धरलं. ग्लव्ह काढायचा तर दुसरा हात हवा, आणि दुसरा हात काढला तर धोतर जाणार. दातांनी पट्टी ओढायला ते वाकले तर कासोटाही सुटला. शेवटी ते पिशवीला पाठ लावून उभे राहिले. समोर वीस-पंचवीस पोरं दोरीवरच्या उड्या थांबवून आदराने पाहत होती.

"विश्वजीत," आबा म्हणाले, "बेटा, सबको बोलो मुँह उधर करें."

ऋताने त्यांच्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि ग्लव्ह्ज सोडवले. घरी येताना रिक्षात आबा मुठी वळून, उघडून पाहत होते. नंतर म्हणाले, "हातात एवढं ओझं असताना तू इतकी झरझर कशी हलतेस गं?"

रविवारी मांडव भरला होता. शिवरामशास्त्री अध्यक्ष. वेदपठणात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण बॉक्सिंगशी कधी संबंध आला नव्हता. त्यांनी आधी विचारून घेतलं, "या दोघा मल्लांचं मूळ भांडण काय असतं?"

"काहीच नसतं," ऋता म्हणाली.

"मग मारतात कशाला?"

"गुण मिळतात."

शास्त्रीबुवांनी मान डोलावली आणि आबांना पूर्वपक्ष मांडायला सांगितलं.

आबा उभे राहिले. आज पोरीला नामंजूर म्हणायला जागाच ठेवायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी वजन राखण्यापासून सुरुवात केली आणि मोदकांवरून उठणं किती कठीण हे असं सांगितलं की पुढच्या रांगेतल्या बायका हळहळल्या. मग ते रंगत गेले.

"पूर्वीच्या मल्लाचा डावा ठोसा कसा येतो, हे समोरच्याला तो लागल्यावर कळायचं. आजच्याचा प्रत्येक ठोसा समोरच्याने मोबाइलवर शंभरदा पाहिलेला असतो. कुठून येणार, कधी येणार, सगळं पाठ असतं. तरीही तो लागला पाहिजे. आमच्या वेळी हे कोणाला करावं लागलं नाही. आणि ही तर मुलगी. आमच्या काळी हिला कोणी रिंगणाच्या जवळही उभं केलं नसतं." आबांनी ऋताकडे बोट केलं. "एवढं सगळं ओलांडून ही तिथे उभी राहते. म्हणून आजचे श्रेष्ठ."

टाळ्या थांबेनात. ऋताने डोळे पुसले. "हो आबा," ती म्हणाली, "हेच माझं म्हणणं."

"पूर्वपक्ष मान्य," शास्त्रीबुवा म्हणाले. "दत्तोपंत, आता खंडन करा."

आबांनी तोंड उघडलं. पंधरा राउंड आठवले, मोडलेला जबडा आठवला. तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"याला उत्तर नाही," ते म्हणाले.

शास्त्रीबुवांनी निकाल दिला. "दत्तोपंत पुणतांबेकरांनी दत्तोपंत पुणतांबेकरांचा पराभव केला आहे. कन्येने शिबिराला जावं."

आरती झाल्यावर आबा भेटेल त्याला सांगत होते, "हरलो खरा, पण बघा कोणाकडून."

मंगळवारी दोघं ऋताला स्टेशनवर पोचवायला गेली. आबा पाण्याची बाटली आणायला गेले, तेवढ्यात ऋताने आजीचा हात धरला. "आजी, तुला आधीच पता होतं ना?"

"अगं, आपल्या घरात गॅस कसा आला, फ्रिज कसा आला?" आजी म्हणाल्या. "नीट खा. म्हणजे, तुझं ते उकडलेलं का होईना, पण खा."

गाडी गेली. घरी आल्यावर आबा कूलरसमोर खुर्ची ओढून बसले. वाद घालायला कोणीच नव्हतं, आणि ते त्यांना फार लागलं होतं. आजींनी चहा आणून ठेवला आणि समोर बसल्या.

"अहो, तुम्ही म्हणता तसा हा कूलरच उत्तम असेल. माझं आता काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "फक्त मला एसी का हवा, ते एकदा नीट मांडून दाखवा बघू."

आबांचा चेहरा उजळला. त्यांनी चहा बाजूला ठेवला, घसा खाकरला आणि सुरुवात केली.